गबरूचा उन्हाळा

मार्च संपत आला की अमरावतीच्या रस्त्यांवर कूलरच्या ताट्या भरून देणारे लोक दिसू लागतात. हातगाडीवर सोनेरी गवताचा ढीग, जाळीत ते गवत दाबून बसवणारे हात. पहिल्यांदा मोटर सुरू होते, ताटीवरून पाणी झिरपतं आणि खोलीत ओल्या गवताचा वास पसरतो. आम्हा वऱ्हाडातल्या माणसांसाठी उन्हाळा कॅलेंडरवर सुरू होत नाही, या वासाने सुरू होतो. लहानपणी तो आला की परीक्षा संपत आल्याचा आनंद व्हायचा. या वर्षी ताट्या बदलून झाल्या, तो वास आला, आणि मी हातातलं काम तसंच टाकून मागच्या अंगणाच्या पायरीवर जाऊन बसले. गेल्या वर्षीचा उन्हाळा अजून माझ्या अंगातून गेलेला नाही, हे तेव्हा कळलं.

माझं कुत्र्यांचं पाळणाघर आहे. राहटगाव रस्त्याच्या आतल्या बाजूला एक बैठं घर, मागे मोठं अंगण, अंगणात कडुनिंब आणि शेवगा. पाटीवर ‘श्वान पाळणाघर’ असं लिहिलं आहे, पण ते नाव कोणी घेत नाही. ऑटोवाल्याला लोक सांगतात, "ते कुत्र्यायची बालवाडी हाये ना, तिथं सोड." सकाळी साडेसातपासून माणसं आपापली कुत्री सोडून कामावर जातात आणि संध्याकाळी घेऊन जातात. नवरा-बायको दोघंही नोकरीवर, मुलं पुण्याला, फ्लॅटमध्ये एकटं पडलेलं जनावर दिवसभर दार ओरबाडतं, शेजारी तक्रार करतात. मग कोणीतरी माझा पत्ता देतं. याआधी अकरा वर्षं मी एका जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस होते. जखमा धुणं, सलाईन लावायला मदत करणं, घाबरलेल्या जनावराचं डोकं काखेत धरून ठेवणं, सगळं येत होतं. हे मुद्दाम सांगते, कारण मला काही कळत नव्हतं असं म्हणायची सोय माझ्याकडे नाही.

माझ्यासोबत गिरजाबाई असतात. साठीच्या पुढच्या, परतवाड्याकडच्या. आयुष्य बकऱ्यांच्या मागे गेलं. कुत्र्यांशी त्या लाडाने बोलत नाहीत, पण कुठलंही कुत्रं आजारी पडलं की आधी त्यांच्या पायाशी जाऊन बसतं. सुरुवातीला आमचं एकाच गोष्टीवरून वाजायचं. दहा वाजले की त्या म्हणायच्या, "आता निजू द्या त्याईले." आणि मी म्हणायची, "गिरजाबाई, लोकांनी झोपायला नाही आणलं त्यांना."

तेव्हा मला तसंच वाटायचं. खेळ म्हणजे पाळणाघर. चेंडू, दोरी, टायर, पाण्याचा टब. दर संध्याकाळी मी प्रत्येकाच्या घरी एक छोटा व्हिडिओ पाठवायची, तुमचं लेकरू आज कसं खेळलं बघा म्हणून. त्याला बदाम यायचे, हसरे चेहरे यायचे. ते बघायला मलाही फार आवडायचं. दवाखान्यात अकरा वर्षं मी रडके चेहरेच पाहिले होते. आता लोक माझ्या नावापुढे बदाम पाठवत होते.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मनोहरकाका आले. तिवशाचे शेतकरी, सत्तरीला आलेले, पांढरं धोतर आणि पायात रबरी चपला. सोबत काळाभोर, जाडजूड लॅब्राडोर. नाव गबरू. काकांनी दारातूनच सगळं सांगून टाकलं. त्यांच्या बायकोला, इंदूकाकूंना, लकवा मारला होता. डावी बाजू गेली, वाचा गेली. अमरावतीच्या दवाखान्यात महिनाभर ठेवलं होतं, अजून बरेच दिवस ठेवावं लागणार होतं. काकांनी जवळच खोली घेतली होती.

"हा तिचा कुत्रा हाये," काका म्हणाले. "तिवशाले ठेवला होता भावाच्या घरी, तं जेवला नाई चार दिवस. आनला मंग. पन दिवसभर मी तिच्यापाशी रायतो, अन् हा खोलीत कोंडला का भुकते. घरमालक म्हनते, कुत्रं ठेवा नाई तं तुमी रहा."

मी हसले. काका हसले नाहीत. गबरू तेवढ्यात आत जाऊन पाण्याच्या भांड्यात तोंड घालून उभा होता. पाणी पिऊन झाल्यावर त्याने माझ्या पायाशी एक वाळकी शेवग्याची शेंग आणून टाकली आणि माझ्याकडे पाहत उभा राहिला. फेक, एवढंच.

काही कुत्री खेळताना मध्येच थांबतात. कंटाळतात, सावलीत जाऊन पडतात, तुम्ही बोलावलं तरी नुसती शेपटी हलवतात. गबरूकडे ते थांबणं नव्हतं. तुम्ही फेकाल तोवर तो आणणार. इंदूकाकूंनी त्याला शेतात हे वेड लावलं होतं. कापूस वेचून झाला की रिकाम्या रानात त्या त्याच्यासाठी बोंड फेकायच्या, काकांनी सांगितलं. "पऱ्हाटीतून पयत यायचा, सारं अंग सरकीनं भरलेलं. अन् ही हासे, हासे."

दुसऱ्या दिवशीपासून गबरूचा व्हिडिओ काकांच्या फोनवर जायला लागला. ते तो काकूंना दाखवायचे. एक दिवस संध्याकाळी न्यायला आले तर चेहरा वेगळाच.

"ताई, तिनं आज डोया हालवला. यानं पयत जाऊन चेंडू धरला ना, तिकडं पाह्यलं तिनं. डॉक्टर म्हने चांगली गोष्ट हाये. दाखवत रहा."

आता सांगा, असं ऐकल्यावर कोण थांबेल? मी रोज पाठवत गेले. गबरू पळतोय, गबरू उडी मारतोय, गबरू टबात धडपडतोय. मार्च संपला, एप्रिल लागला. गच्च्यांवर कुरड्या वाळत पडल्या, चौकात रसवंतीची घुंगरं वाजायला लागली. साडेनवालाच रस्त्यावरची माणसं तोंडाला दुपट्टा बांधून फिरू लागली. कडुनिंबाचा मोहर गळून अंगणात पिवळसर सडा पडायचा आणि गबरू धावला की तो उडायचा. व्हिडिओत ते फार छान दिसायचं.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली ती सकाळ. काका रोज आठला यायचे, त्या दिवशी पावणेदहाला आले. धापा टाकत होते.

"ताई, बोलली ती!"

"काय बोलल्या?"

"ग म्हटलं. ग, ग असं. दोनदा म्हटलं. याचंच नाव घेऊन राहिली ना, दुसरं काय?" त्यांनी गबरूची साखळी माझ्या हातात दिली. "आज चांगला पयताना काढा. मी आताच दाखवतो तिले."

ते गेले. बाकीची कुत्री खेळून आत आली होती. अंगणात सरळ ऊन आलं होतं. गिरजाबाई पोतं ओलं करत होत्या. मी चेंडू घेऊन बाहेर निघाले तशा म्हणाल्या, "आता नोको ताई. भुई तापली."

"दोनच मिनिटं."

पहिला व्हिडिओ बिघडला. मी उन्हाकडे तोंड करून उभी होते, गबरू नुसता काळा डाग दिसत होता. मी जागा बदलली. दुसऱ्यांदा चेंडू शेवग्याच्या मागे गेला. तिसरा बरा आला, पण मला वाटलं, काकूंना त्याचं तोंड जवळून दिसलं पाहिजे. मग आणखी एकदा. आणि आणखी. तो प्रत्येक वेळी चेंडू आणून माझ्या पायाशी ठेवत होता. त्याची जीभ रुंद होऊन बाजूला लोंबत होती, लाळ दाट झाली होती. मी ते पाहिलं. अकरा वर्षं दवाखान्यात काढलेल्या बाईने ते पाहिलं आणि मनात म्हटलं, किती आनंदात आहे.

पाव तास झाला असेल. व्हिडिओ पाठवून मी फोन खाली केला तेव्हा गबरू चेंडूकडे निघाला होता. अर्ध्या वाटेत त्याचे मागचे पाय तिरपे पडले. तो उभा राहिला, परत पडला. मग बसूनच राहिला आणि माझ्याकडे पाहू लागला.

गिरजाबाई ओलं पोतं घेऊन धावल्या. आम्ही त्याला सावलीत ओढलं, पोटावर, मांड्यांवर पाणी ओतलं, पंखा लावला. त्याच्या हिरड्या विटेसारख्या लाल झाल्या होत्या. ऑटोत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. कपड्यातून चटका लागावा इतकं ते तापलेलं होतं. दवाखान्यात, मी जिथे काम केलं होतं त्याच टेबलावर, त्याला सलाईन लावलं. डॉक्टरांनी थर्मामीटर पाहिला आणि तो माझ्यासमोर धरला. तो आकडा मला वाचता येत होता.

तेवढ्यात फोन वाजला. काकांचा निरोप होता.

"हासली ताई. आवाज काढून हासली."

दीडच्या सुमाराला गबरू गेला.

काही बातम्या फोनवर सांगता येत नाहीत. मी माणसांच्या दवाखान्यात गेले. आवारात एका निंबाच्या पारावर काका डबा उघडून बसले होते. भाकर आणि बेसनाच्या चुनवड्यांची भाजी होती, अजून आठवते. मला पाहून त्यांनी सरकून जागा केली.

"या, या. तिले भेटता का? आज खुशीत हाये ते."

"काका, गबरू गेला."

त्यांनी घास तसाच धरला. "कुठं गेला? गेट उघडं राह्यलं का?"

 मी नुसती मान हलवली, आणि ते समजले. डबा त्यांनी हळूच बंद केला, झाकण नीट बसलं का ते दाबून पाहिलं. 

"मीच म्हटलं होतं ना, पयताना काढा," ते म्हणाले.

"तुम्ही म्हटलं. पण ऊन माझ्या डोक्यावर होतं काका. तो माझ्यासमोर होता. थांबवायचं मी होतं."

त्यांनी डबा पिशवीत ठेवला. इतर कोणी असतं तर आरडाओरडा केला असता आणि मला बरं वाटलं असतं. काका म्हणाले, "तिवशाले नेऊ त्याले. वावरात."

काकूंजवळ त्यांची बहीण बसली. आम्ही एका ‘छोटा हत्ती’ टेम्पोत गबरूला चादरीत गुंडाळून ठेवलं आणि निघालो. ऊन कलतं होतं, पण वारा भट्टीतून आल्यासारखा. वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक बोरीचं झाड होतं, त्याच्याखाली जागा धरली. काळी माती एप्रिलात दगड होते. भेगा एवढ्या रुंद की त्यात माझा हात मनगटापर्यंत जात होता. आम्ही पाणी ओतत होतो आणि सब्बलने खणत होतो. पाणी भेगांत नाहीसं व्हायचं, आवाजसुद्धा न करता. माझ्या तळहातांना फोड आले. काकांनी सब्बल मागितली, मी दिली नाही. खड्डा बुजवून झाल्यावर काका हात झटकत म्हणाले,

"तिले सांगाचं नाई. डॉक्टरनं सांगतलं, धक्का बसला नाई पाह्यजे."

"मग व्हिडिओ?"

"तुमच्याजवळ जुने असतीन ना?"

होते. पाठवायचे राहून गेलेले, हललेले, अर्धवट, पन्नास-साठ तरी. दुसऱ्या दिवसापासून मी रोज त्यातला एक पाठवायला लागले. मेलेल्या कुत्र्याला मी रोज पळवत होते. हे बरोबर होतं का, मला आजही सांगता येणार नाही. एका बाईचं बोलणं एकेका अक्षराने परत येत होतं, आणि माझ्या फोनमधला तो काळा गोळा तिला एकेक अक्षर देत होता. काका लिहायचे, आज 'पानी' म्हटलं. आज माझं नाव घेतलं, लग्नानंतर पहिल्यांदाच.

पाठवण्याआधी मला प्रत्येक व्हिडिओ पाहावा लागायचा. माझी शिक्षा तीच होती. चेंडू फेकायच्या आधी गबरू एकदा सावलीकडे पाहतो. चेंडू आणून ठेवल्यावर एकदा पाण्याच्या भांड्याकडे पाहतो. मग माझा हात वर जातो आणि तो सगळं विसरून धावतो. जवळजवळ प्रत्येक व्हिडिओत हे होतं. इतके दिवस मी फक्त त्याचं धावणं पाहत होते. तो त्याच्या आनंदासाठी खेळत होता की मी फेकत होते म्हणून आणत होता, हा प्रश्न मला त्या मे महिन्यात दर संध्याकाळी पडला. दोन्ही असेल. माणसांचंही तसंच असतं. आपण कोणाला तरी आवडावं म्हणून किती तरी गोष्टी दमेपर्यंत करत राहतो, आणि पाहणाऱ्याला वाटतं, काय उत्साह आहे.

त्याच दिवसांत मी पाळणाघराचं वेळापत्रक बदललं. खेळ सकाळी साडेसात ते साडेआठ, बस. त्यातही धावपळ कमी. कुत्र्याचं अर्धं जग नाकात असतं. मी जुन्या पोत्यांच्या घड्यांत ज्वारीच्या भाकरीचे तुकडे लपवून ठेवू लागले. खोक्यात वर्तमानपत्रांचे बोळे आणि तळाशी दोन शेंगदाणे. वाटीत ताक गोठवून चाटायला द्यायचं. टरबुजाची फोड दोरीने खुंटीला बांधून ठेवायची. वीस मिनिटं हुंगून, शोधून कुत्रं असं दमतं की तासभर चेंडूमागे धावून दमणार नाही, आणि धाप लागत नाही. गिरजाबाई म्हणाल्या, "बकरीबी असंच करते. दिवसभर पयत नाई ते. हुंगत रायते."

आणि मग झोप. आतली उत्तरेकडची मोठी खोली मी रिकामी केली. खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावले, फरशीवर ओली पोती, प्रत्येकासाठी वेगळी जागा, मध्ये फळ्या उभ्या केल्या, म्हणजे एकमेकांचे डोळे दिसत नाहीत. पहिले आठ दिवस कोणीही झोपलं नाही. फेऱ्या मारायचे, कण्हायचे, दार खरवडायचे. आमच्याकडे येऊन त्यांना न थांबण्याची सवय लागली होती. मी दाराशी चटई टाकून पडायची, हलायची नाही. नवव्या दिवशी एक म्हातारी पामेरियन फरशीवर आडवी झाली आणि तिने एवढा मोठा उसासा टाकला की बाकीच्यांनी माना वळवून पाहिलं. मग एकेक करून खोलीच आडवी झाली.

त्या काळोखात पडून मला अकोल्याच्या दुपारी आठवायच्या. माझं माहेर जुन्या शहरातलं, मोर्णा नदीच्या अलीकडची चिंचोळी गल्ली. दुपारी आई फरशी ओल्या फडक्याने पुसायची, दार लावायची, आम्हा चौघा भावंडांना ओळीने झोपवायची. "झोप नाई आली तं नोको येऊ दे. पन डोये मिटा." दाराच्या फटीतून उन्हाची एक पट्टी आत यायची आणि तिच्यात धूळ तरंगत राहायची. बाहेर बर्फगोळेवाला जायचा, घंटी दूर दूर होत जायची. आम्हाला वाटायचं, आई आम्हाला कोंडते आहे. आता वाटतं, दिवसातले तेवढे दोन-तीन तास ती आमच्याकडून काहीच मागत नव्हती. अभ्यास नाही, काम नाही, हसून दाखवणंसुद्धा नाही.

गिऱ्हाइकं नाराज झाली. बँकेतल्या एका बाईंनी सरळ विचारलं, "झोपायला तर घरी होतंच की. तुमच्याकडे कशाला आणायचं?" मी त्यांना खोली दाखवली. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून कुत्रं आणलं नाही. आणखी तिघं-चौघं गेले. मी कोणाला गबरूचं नाव सांगून थांबवलं नाही. ते नाव वापरायचा मला हक्क नव्हता.

जूनमध्ये व्हिडिओ संपत आले. नवतप्याचे नऊ जळते दिवस होऊन गेले होते, पाऊस नव्हता. एका संध्याकाळी फोनमध्ये एकच उरला होता. तो चुकून काढलेला होता. मार्चमधल्या कुठल्याशा दुपारी गबरू शेवग्याखाली झोपला होता. कुशीवर, पाय लांब करून. पोट वरखाली होत होतं, मध्येच ओठ थरथरत होता, स्वप्नात काहीतरी चाललं असावं. चाळीस सेकंद. तेवढंच. मी तो पाठवला आणि आता उद्या काय, म्हणून बसून राहिले.

काकांचा फोन आला. "ताई, आज काय पाठवलं?"

"झोपलेला आहे. दुसरा उरलाच नाही काका."

"तेच सांगून राहिलो. तिनं चार वेळा पाह्यला. पयताना पाह्यते तं हासते. हा पाहून तिनं मोबाईल छातीवर ठेवला अन् झोपून गेली. दवाखान्यात आल्यापासून अशी निजली नव्हती ते."

मला जे पळवून पळवून दाखवायचं होतं, ते काकूंना नकोच होतं. आपलं जनावर कुठेतरी बिनघोर पडलं आहे, एवढंच पाहायचं होतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा रडले. गिरजाबाई शेजारी बसून शेवग्याच्या शेंगा सोलत राहिल्या.

श्रावणात काकू तिवशाला घरी आल्या. दोन-तीन शब्द जोडून बोलत होत्या. काकांनी फोन केला. "इचारते रोज. गबरू कुठं हाये म्हनते. मले नाई सांगता येत. तुमी येता का?"

मी एसटीने गेले. पऱ्हाटी गुडघ्याएवढी झाली होती, सगळं हिरवं. काकू ओसरीत खुर्चीत बसल्या होत्या. बारीक चण, तोंडाची एक बाजू किंचित ओढलेली, उजव्या हातात डाव्या हाताचं मनगट धरलेलं. मी पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. वेळ, ऊन, बिघडलेला व्हिडिओ, पुन्हा फेकलेला चेंडू. व्हिडिओ काकांनी मागितला होता, हे मी सांगितलं नाही. काका दारात उभे होते. त्यांनीच सांगितलं.

काकूंनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघत राहिल्या.

"तू... पाहात होती. मंग... पयवलं काहून?"

 "माझं चुकलं," मी म्हटलं.

"पानी... देल्लं?"

"उशिरा दिलं."

"कोन होतं... त्याच्यापाशी?"

"मी होते. शेवटपर्यंत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं."

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "जा."

मी उठले. काका फाटकापर्यंत आले. परतीच्या एसटीत खिडकीतून ओला वारा येत होता. माफी मिळाली नाही. खरं सांगायचं तर ती मिळाली असती तर मी तिच्यावर विश्वास ठेवला नसता.

दिवाळीनंतर एके दिवशी साडेबाराला दारात ऑटो थांबला. काका उतरले, मग चाकाची खुर्ची उतरवली. काकूंना आठवड्यातून तीन दिवस व्यायामासाठी अमरावतीला आणायला लागले होते. सकाळचा व्यायाम साडेअकराला संपायचा, दुसरा साडेतीनला. मधला वेळ कुठे काढायचा, असा प्रश्न होता.

"तीच म्हने, तिथं ने," काका म्हणाले. त्यांनाही ते उलगडलं नव्हतं.

मी दार पूर्ण उघडलं. काकू माझ्याशी बोलल्या नाहीत. गिरजाबाईंनी खुर्ची ढकलत आतल्या खोलीत नेली. कुत्र्यांनी डोकी वर केली, हुंगलं आणि परत खाली ठेवली. काकू त्या काळोखात भिंतीला लागून बसल्या. तीनपर्यंत हलल्या नाहीत. पुढच्या खेपेलाही तसंच. थंडी आली, गेली. त्या येत राहिल्या. एखादा नवा कुत्रा फेऱ्या मारायला लागला की त्या घशातून हलकासा आवाज काढायच्या, पूर्वी शेतात काढत असतील तसा, आणि तो बसायचा. मी दाराशी माझ्या चटईवर असायची. आमच्यात बोलणं होतं ते एवढंच: पाणी हवं का, पंखा वाढवू का.

परवाची गोष्ट. ऊन कडक झालं आहे. खोलीत बाराजण झोपले होते. त्यात आठवड्यापूर्वीच यायला लागलेलं एक गावठी पिल्लू आहे, कोणत्या तरी मास्तरांनी रस्त्यावरून उचललेलं. ते झोपत नाही. तिन्ही बाजूंच्या फळ्या हुंगत फिरत होतं, कण्हत होतं. मी उठणार तेवढ्यात ते काकूंच्या खुर्चीपाशी गेलं, एक चक्कर मारली आणि त्यांच्या डाव्या पावलावर अंग टाकून दिलं. थोड्या वेळात त्याचा श्वास संथ झाला.

काकू समोर भिंतीकडे बघत होत्या. त्या पायात त्यांना काहीच जाणवत नाही, हे मला ठाऊक होतं.

"काकू," मी हळू आवाजात म्हटलं, "तुमच्या पायावर झोपलंय ते."

त्यांनी मान खाली वाकवून पाहिलं. 

"मले समजत नाई," त्या म्हणाल्या. "गरम हाये का ते?"

मी सरकत जाऊन पिल्लाच्या पाठीवर हात ठेवला. "नाही काकू. गार आहे. छान गार आहे."

"मंग राहू दे," त्या म्हणाल्या. आणि मग, माझ्या हाताकडे बघत, "तुबी बस इथंच."